ठोंब्याची तब्येत

४ नोव्हेंबर

प्रिय बयो,

पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड. यात माझं काही नाही, ठोंब्याचं आहे.

तो ठणठणीत आहे. काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर दोन किलो एकशे दहा ग्रॅम भरला. काट्यावर ठेवलं की चारी पाय हवेत मारतो आणि माझ्याकडे असं बघतो की जसं काही मी त्याला विकायलाच काढलंय. तू नऊ वर्षांची असताना बुटाच्या खोक्यातून हे कासव आणलंस तेव्हा तुझ्या मुठीएवढं होतं, आणि मी म्हटलं होतं, आठवड्यात मरेल, रडायची तयारी ठेव. बावीस वर्षं झाली त्याला. तुझे बाबा गेले, तू गेलीस, आणि हा दगड मात्र रोज सकाळी आठ वाजता कोबीच्या पानासाठी खोक्याला धडका मारतो.

तर बातमी अशी की मी त्याला सोबत आणली. एकटा पडला होता बिचारा. बाजारामागे ते प्राण्यांचं नवीन दुकान झालंय ना (तुला कुठलं माहीत असणार, तू गेल्यावर झालं), तिथून. दुकानदार म्हणाला, "बाई, एकदम निरोगी आहे, डोळे मिटून न्या." म्हटलं, डोळे मिटून कशाला, आता कुठे मोतीबिंदू काढलाय, उघडे ठेवूनच नेते. मादी आहे, लहानशी, साडेआठशे ग्रॅम. तिचं नाव मी पाहुणी ठेवलं. ठोंब्याच्याच खोक्यात ठेवली. पहिल्या दिवशी दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी एकाच पानाची दोन टोकं खात होते. मी खुर्ची ओढून बघत बसले, दूध उतू गेलं.

पत्ता तुझ्या मामाकडून मिळवला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याला तीन दिवस पिडलं तेव्हा कुठे दिला. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

एकच विचारायचं आहे. थंडीत ठोंब्याला कोमट पाण्यात रोज बसवायचं की दिवसाआड? तू काय करायचीस ते मला आठवत नाही. एका ओळीचं काम आहे, कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

तुझी आई

१६ नोव्हेंबर

प्रिय बयो,

उत्तर आलं नाही. पोस्टाचा काही भरवसा नाही हल्ली. मी आपली रोज बसवते आहे.

पाहुणीचं नाक वाहतंय. नाकपुडीवर बुडबुडा येतो आणि श्वास सोडला की फुटतो. गंमत वाटते बघायला, पण गंमत नाही ती. खाणं कमी केलंय. शी पातळ, हिरवट, आणि खाल्लेलं पान जसंच्या तसं बाहेर. नाक मुरडू नकोस. तुझ्या आईने तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या डब्या उघडल्या, त्यावर तू शिकलीस आणि इमारतींचे नकाशे काढायला लागलीस.

आता एक गोष्ट सांगते, आरडाओरडा करू नकोस. ठोंब्याच्या खोक्याच्या झाकणावर तू चिकटवलेला कागद अजून आहे. त्यातला चौथा नियम असा: "नवीन कासव आणलं तर सहा महिने वेगळ्या खोलीत. भांडी वेगळी. आधी ठोंब्याचं सगळं करायचं, मग त्याचं, मग हात साबणाने. शी तपासून घेतल्याशिवाय एकत्र नाही." खाली दोन रेघा ओढल्यास. हा कागद मी चार वर्षं रोज बघते. बघते म्हणजे अक्षर बघते. तुझा 'ठ' कसा गोल गरगरीत येतो ते बघते. काय लिहिलंय ते मी काल पहिल्यांदा वाचलं.

दोन आठवडे दोघं एकाच भांड्यातून पाणी पीत होते.

आज पाहुणीला उचलून न्हाणीघरात टबमध्ये हलवली, वर दिवा टांगला. ठोंब्या दिवसभर खोक्यात फेऱ्या मारतोय. आणि हो, मागच्या पत्रात मी लिहिलं ना, की तो एकटा पडला होता? कासवांना एकटं-बिकटं काही वाटत नाही, असं तू मला शंभरदा सांगितलंयस. त्याला काहीही वाटत नव्हतं. समजलं तर समज.

तुझी आई

२१ नोव्हेंबर

बयो,

आज मी खूश आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

कपाटावरून मायक्रोस्कोप काढला. तोच, लॅबने भंगारात काढलेला आणि मी निवृत्त होताना उचलून आणलेला. लहानपणी लॅबमध्ये माझ्याबरोबर यायचीस तेव्हा तू त्यात कांद्याची साल बघायचीस. पुसला, आरसा उन्हाकडे फिरवला, आणि चक्क चालू! मग मिठाचं घट्ट पाणी केलं, त्यात नमुना ढवळला, गाळला, बाटलीच्या तोंडाशी काच ठेवून वीस मिनिटं थांबले. अंडी हलकी असतात, ती तरंगून काचेला चिकटतात. काय सांगू तुला, पाहुणीच्या काचेवर नुसती जत्रा! एका बाजूला चपटी, दुसऱ्या बाजूला फुगलेली, सुतासारख्या जंतांची अंडी. मोजायचं सोडून दिलं. ठोंब्याच्या काचेवर अख्ख्या फेरीत तीन सापडली. तीन का होईना, सापडली. म्हणजे दोघंही पॉझिटिव्ह.

हात जरासुद्धा थरथरला नाही. दोन तास मी पुन्हा माझ्या टेबलाशी होते.

कासवांची डॉक्टर एक आहे म्हणे शहराच्या त्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागतं. तिच्याकडे कशाला जायचं? माझी हयात जंतांमध्ये गेली. घरात माणसांची आयव्हरमेक्टिनची गोळी होती, वजनावर मात्रा काढली, पाण्यात विरघळवली आणि काल दोघांना सुई काढलेल्या सिरिंजने पाजली. पाहुणीने मुकाट्याने गिळलं. ठोंब्याने निम्मं बाहेर थुंकलं आणि वर माझं बोट चावला. खडूस कुठला! तुझ्यावर गेलाय.

आठवड्याने पुन्हा काच लावीन. बघ, तुझी आई अजून कामाची आहे.

तुझी आई

२४ नोव्हेंबर

प्रिय बयो,

पाहुणीला तितकंसं बरं नाही. सर्दी उतरली असावी छातीत. ठोंब्या ठीक आहे. काळजी करू नकोस.

आई

२७ नोव्हेंबर

बयो,

तीन दिवसांपूर्वी मी तुला खोटं लिहिलं.

ते पत्र लिहिलं तेव्हा ठोंब्या ठीक नव्हता. सकाळचे आठ वाजून गेले आणि खोक्याला धडक ऐकू आली नाही, म्हणून मी बघायला गेले. मान बाहेर लांब पडलेली, चारी पाय फतकल. पाय उचलला की तसाच खाली पडायचा, ओल्या मोज्यासारखा. बोट लावलं तरी मान आत घेईना. बयो, बावीस वर्षांत ज्याने मला बघून मान आत घेतली नाही असा एक दिवस गेला नव्हता! पाहुणी तर त्याच्याही आधी गळाली होती. आणि मी बसून तुला लिहिते, काळजी करू नकोस.

दोघांना टोपलीत घालून दोन बस बदलून डॉक्टरणीकडे गेले. बसमध्ये शेजारची बाई विचारते, "भाजी का?" मी हो म्हटलं.

डॉक्टरीण तरुण आहे, तुझ्याएवढीच असेल. केस वर बांधलेले, हातावर ओरखडे. तिने पहिलाच प्रश्न केला, "काही औषध दिलंत का?" मी नाव सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, आधी ठोंब्याकडे बघितलं, मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, हे औषध कासवाला विष आहे. माणसाला चालतं, कुत्र्याला चालतं, गुरांना चालतं. कासवाला नाही."

मी म्हटलं, "मात्रा वजनावर काढली होती."

ती म्हणाली, "त्याची योग्य मात्रा नसतेच."

पाहुणी तिथेच टेबलावर गेली. डॉक्टरणीने मला विचारून तिला उघडून बघितलं. आतडं जंतांनी गच्च भरलेलं होतं. म्हणाली, दुकानात यायच्या आधी महिनोन्‌महिने ती कुठेतरी दाटीवाटीत, उपाशी, तहानलेली पडून असणार. सहा महिने वेगळी ठेवून, कोमट पाण्यात बसवून, खाऊपिऊ घालून, योग्य औषध थोडं थोडं दिलं असतं तर कदाचित उभी राहिली असती. "कदाचित," असं ती दोनदा म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असावी. मला बरं वाटलं नाही.

ठोंब्याने निम्मं थुंकलं होतं, म्हणून तो अजून आहे. या विषाला उतारा नाही. कातडीखाली पाणी द्यायचं, उबेत ठेवायचं आणि त्याचं शरीर ते हळूहळू बाहेर टाकतंय का, याची वाट बघायची. महिना लागेल, दोन लागतील, किंवा नाही. जगेल की नाही, ती सांगत नाही.

तो तुझा आहे म्हणून तुला खरं कळायला हवं. मी त्याला आजारी पाडलं नाही, मी त्याला विष दिलं.

आई

९ डिसेंबर

प्रिय बयो,

ठोंब्या तसाच आहे. डोळे मिटलेले. डॉक्टरणीने त्याच्या मानेतून पोटात नळी बसवून दिलीय, त्यातून मी दिवसातून दोनदा पातळ केलेलं खाणं सोडते. तिने एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा मी केलं, म्हणाली, "मावशी, हात चांगला आहे तुमचा." मला तिथल्या तिथे रडू आलं. ती घाबरली, तिला वाटलं नळी निसटली.

रोज वजन करते. दोन किलो वीस. दोन किलो दहा. मंगळवारी एकदम दोन किलो पन्नास झालं, मी आनंदाने मामाला फोन केला, बुधवारी पुन्हा दोन किलो. मामा म्हणाला, "ताई, जेवलीस का?" नव्हते जेवले.

परवा तिच्याकडे काचेवर ठोंब्याचा नमुना बघितला, तिच्या मायक्रोस्कोपमधून. तीच दोन-तीन अंडी. मी म्हटलं, "अजून आहेत की." ती म्हणाली, "असू देत. एवढे थोडे जंत कासवाच्या पोटात असतातच. जन्मभर असतात, त्याचं काही बिघडत नाही. ठोंब्या कधीच आजारी नव्हता. तपासलंत ते चांगलं केलंत हो, पण दिसलं की लगेच तुटून का पडलात?"

बसने घरी आले आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात लिहिते आहे. चार वर्षं उशीर झालाय, पण आता लिहिते.

तुझ्या त्या काटेवाल्याचं रक्त. हो, मी त्याला अजून काटेवालाच म्हणते. वजनकाटे दुरुस्त करणारा जावई नको, असं मी तेव्हा म्हटलं होतं, तेही खरं नव्हतं, पण ते नंतर.

तो आमच्या हॉस्पिटलला नोकरीच्या तपासणीसाठी आला होता. नळीवरचं नाव वाचून मी ओळखलं. त्याची फक्त साखर आणि हिमोग्लोबिन बघायचं होतं. ते झाल्यावर नळीत रक्त उरलं होतं. ते मी टाकून द्यायला हवं होतं. मी त्यावर हिपॅटायटिस बीची तपासणी लावली. कोणी सांगितलं नव्हतं, कागद नव्हता, त्याला विचारलं नव्हतं. आणि दोन रेघा उमटल्या.

पंधरा दिवस मी ते कोणाला सांगितलं नाही. तुला वाटत असेल की मी गप्प होते म्हणजे विचार करत होते. विचार करत नव्हते बयो, मी ते जपून ठेवलं होतं. मग तुमचं ठरवायला दोन्हीकडची माणसं आपल्या घरी बसली, त्याच्या वडिलांनी हसत विचारलं, मग कधीची तारीख धरायची, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, आधी मुलाच्या रक्तात काय आहे ते विचारा.

त्यालाच माहीत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या रक्तातली गोष्ट त्याला पंधरा माणसांसमोर माझ्याकडून कळली. त्याने चहाचा कप खाली ठेवला, एवढंच. त्याची आई त्या कपाकडे बघत राहिली. आणि तू मला म्हणालीस, "आई, हे तू त्याला आधी एकट्याला सांगायचं होतंस." तू ओरडली असतीस तर मी ओरडले असते. तू हळू म्हणालीस.

आता जे मी कोणालाच कबूल केलं नाही ते लिहिते. तुला काहीही धोका नव्हता. आणि ते त्या घरात फक्त मला माहीत होतं. लॅबवाल्यांच्या मुलांना ती लस आधी मिळायची, तू दुसरीत असताना मी तुला माझ्या हाताने तिन्ही डोस टोचले होते. तू रडलीस म्हणून तुला फुगा घेऊन दिला होता. अशी कित्येक माणसं मी पाहिली जी हे रक्तात घेऊन औषधपाणी सांभाळून म्हातारी झाली, नातवंडं खेळवली. मला सगळं पाठ होतं. तरी मी ते असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं पोरगी मरणार.

कारण त्याची नोकरी तिकडे होती, इतक्या लांब. तू लग्न केलंस की जाणार होतीस. मला तू जायला नको होतीस. बस. त्याच्यात काही खोट नव्हती, त्याच्या धंद्यात नव्हती, रक्तात जे होतं ते निमित्त होतं. मला माझी मुलगी संध्याकाळी घरी यायला हवी होती.

त्या संध्याकाळी तू एक बॅग घेऊन गेलीस. ठोंब्याचा कागद चिकटवून गेलीस. माझ्याशी एक शब्द नाही, आणि ठोंब्यासाठी अकरा नियम.

मला तुझी फार आठवण येते. संध्याकाळी साडेपाचला तुझ्या किल्लीचा आवाज व्हायचा, त्या वेळेला मी अजून चहाचं पाणी दोघींचं ठेवते आणि मग अर्धं ओतून देते. हे वाचून तुला दया येऊ नये. मला फक्त सांगायचं होतं.

आई

१९ डिसेंबर

बयो,

आज दुपारी नळीतून खाणं सोडताना ठोंब्याने डावा डोळा उघडला. अर्धाच. मग मिटला. डॉक्टरणीला फोन केला तर म्हणते, लगेच हुरळून जाऊ नका. मी कुठे हुरळले? मी फक्त खोक्याशेजारी जमिनीवर बसून जेवले, पुन्हा उघडला तर चुकायला नको.

तू पत्रं उघडतेस की नाही, ते मला कळत नाही. परत येत नाहीत, म्हणजे पत्ता बरोबर आहे. तेवढ्यावर मी लिहिते आहे.

आई

६ जानेवारी

जावईबापू,

हा शब्द मी पहिल्यांदा लिहिते आहे. नको असेल तर खोडून टाका, माझी तक्रार नाही.

पार्सल काल मिळालं. पाकिटावरचं अक्षर तिचं नाही, हे मी पोस्टमनच्या हातात असतानाच ओळखलं आणि दारातच खाली बसले. वाटलं, काही वाईट कळवायला कोणी तिसऱ्याने लिहिलंय. पोस्टमनने पाणी आणून दिलं. मग उघडलं तर आत छोटा वजनकाटा, आणि तुमचं पत्र.

तुम्ही लिहिलंत की माझी पत्रं ती उघडत नाही. पहिलं आलं तेव्हा तिने टेबलाच्या खणात टाकलं, तुम्ही विचारलंत, मी वाचू का, तर म्हणाली, "तुला वाचायचं तर वाच." म्हणजे नऊ डिसेंबरचं पत्रसुद्धा तुम्ही वाचलंत. ते मी तिला लिहिलं होतं. तुम्हाला लिहायची माझी हिंमत नव्हती, आणि बघा, ते बरोबर तुमच्याच हाती गेलं.

त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. लिहिलंत काय, तर ठोंब्याचं वजन मंगळवारी चाळीस ग्रॅमने वाढून बुधवारी पन्नासने उतरणं शक्य नाही, काट्याखालची जागा सपाट नसणार, स्वयंपाकघरातले काटे असेच फसवतात, म्हणून हा पाठवतो आहे, खाली फरशी किंवा काच ठेवा. तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं असेल! इतका राग धरायला जागा असताना माणूस काटा पाठवतो.

आणि ती शेवटची ओळ. एका संध्याकाळी तुम्ही पत्र वाचत होतात, ती नकाशावर वाकलेली होती, आणि मान वर न करता तिने विचारलं, "आज किती भरला?" तुम्ही आकडा सांगितलात. त्यानंतर पत्र आलं की ती तेवढंच विचारते. हे तुम्ही मला कळवायला नको होतं असं ती म्हणेल, पण तुम्ही कळवलंत. देव तुमचं भलं करो.

तर तिला सांगा, आज नव्या काट्यावर दोन किलो साठ. पुढचे दोन पाय हलतात. मागचे अजून ओढतो. परवा त्याने माझ्या हातातून जास्वंदीचं फूल स्वतःच्या तोंडाने ओढलं आणि अर्धं खाल्लं, मग डॉक्टरणीने काल नळी काढली. म्हणाली, हा वाचला. तिचेही डोळे भरले होते, पण ती ते कबूल करणार नाही. पाहुणी मात्र माझ्या नावावर गेली, ती जाणारच नाही मनातून.

आता तुमचं.

तुमच्या रक्ताला हात लावायचा मला अधिकार नव्हता. सगळ्यांसमोर सांगायचा तर नव्हताच. तुम्ही हॉस्पिटलात एक अर्ज दिला असतात तर माझी नोकरी गेली असती, आणि ते योग्यच झालं असतं. तुम्ही दिला नाहीत. तुमच्या आईवडिलांनी ती रात्र कशी काढली असेल, याचा विचार मी चार वर्षं केला नाही, आता रोज करते. मी चुकले असं लिहिलं तर ते फार लहान दिसतं, पण दुसरा शब्द मला येत नाही. मी चुकले. आजारी तुम्ही नव्हतात. तुम्हाला पाहिलं की मला माझं रिकामं घर दिसायचं, आणि त्याचा सूड मी तुमच्यावर घेतला.

तुमची तब्येत कशी आहे? दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी करून घेता ना? मी विचारू नये, तरी विचारते.

डॉक्टरणीला मी विचारलं, ठोंब्या प्रवास करू शकेल का. ती म्हणाली, थंडी संपली आणि मागचे पाय चालायला लागले की, खोक्यात उबेची बाटली ठेवून, खुशाल. मी ठरवलंय. तो तिचा आहे, त्याला तिच्याकडे जायला हवं. खरं सांगू? चार वर्षं मी त्याला सांभाळलं ते माया होती म्हणूनच, पण त्याच्या आड एक हिशेबही होता, की तो इथे आहे तोवर ती कधीतरी येईल. ओलीस धरल्यासारखा. तो हिशेब आज मी सोडला. हे तिला जसंच्या तसं वाचून दाखवा, गुळमुळीत करू नका.

पोस्टाने तर त्याला पाठवता येत नाही. कोणीतरी न्यायला यायला हवं. तुम्ही या. मार्चच्या शेवटी हवा बरी असते, स्टेशनवरून सरळ बस आहे, दारापर्यंत. त्या दिवशी तुम्ही माझ्या घरातून चहा न पिता उठलात. मी तुम्हाला उठवलं. यावेळी बसा, जेवा, दोन दिवस राहा. मी काही विचारणार नाही, काही तपासणार नाही.

ती बरोबर आली तर माझ्या डोळ्यांचं पारणं फिटेल, हे तुम्हाला सांगायला नको. पण ती नाही आली, तरी तुम्ही या.

तिची आई